आधी गुडघा, मग प्रवेश अर्ज

ताई,

मुलीला समकालीन नृत्य (शास्त्रीय चौकटीबाहेरचे आजचे नृत्य) आणि मूकाभिनय (शब्दांविना, शरीरातून गोष्ट सांगण्याची कला) शिकायचे आहे, तर प्रवेश कुठे घ्यावा, असे तुम्ही विचारता. तुमच्या पत्रात तिच्या गुणांना एक ओळ मिळाली आहे (बी.कॉम. दुसरे वर्ष, ६४ टक्के) आणि नातेवाईक काय म्हणतील याला जवळजवळ एक पान. मला मात्र अस्वस्थ केले ते शेवटच्या काही ओळींनी. ती सी.ए.च्या क्लासला जाते असे वडील समजतात, सरावाचे कपडे ती अकाउंट्सच्या पुस्तकांखाली दडवून नेते, आणि मार्चमध्ये तालमीत गुडघा दुखावला तेव्हा ‘जिन्यावरून पाय घसरला’ असे सांगून घरच्या घरी शेक दिला गेला. घरात वाद नकोत म्हणून तुम्ही हे चालू दिलेत, हे समजते. पण जिला शरीरातून गोष्ट सांगायची आहे, तिच्या शरीराचे दुखणेच तुम्ही दोघींनी मिळून लपवले आहे. समकालीन नृत्यात पडणे, लोळणे, गुडघ्यांवर उतरणे सतत चालते, आणि ते सिमेंटच्या फरशीवर रोज केले तर सांधे जन्माचे दुखणे घेऊन बसू शकतात. तेव्हा आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग तालमीच्या जागेची चौकशी. प्रवेश अर्ज त्यानंतर.

‘तिच्या चेहऱ्यावर हावभाव छान उमटतात, म्हणून मूकाभिनय सहज जमेल’, असे तुम्ही लिहिता. युवा महोत्सवातले पांढरे रंगवलेले चेहरे पाहून हा समज होणे साहजिक आहे. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये या कलेचे व्याकरण बांधणारे एतिएन दक्रू मात्र सरावात चेहरा कापडाने झाकायला लावत, कारण त्यांच्या मते गोष्ट धडाने सांगता आली पाहिजे. आणि पांढऱ्या चेहऱ्यासाठी जगभर ओळखले गेलेले मार्सेल मार्सो हे त्यांचेच शिष्य. नसलेला पेला टेबलावर ठेवताना बोटे आधी सैल व्हावी लागतात, मगच हात मागे यावा लागतो, आणि तोच पेला पुन्हा उचलताना हात दोन बोटे खाली गेला की प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढचे टेबलच नाहीसे होते. एवढ्याशा गोष्टीला महिनोन्महिने लागतात.

शिक्षणाचे म्हणाल, तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य म्हणजे कथक, भरतनाट्यमसारखे शास्त्रीय नृत्य, त्यामुळे तिथला नाट्यविभाग तिला अधिक जवळचा. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीनंतर. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर सी.ए. इंटरमीजिएटचे, म्हणजे सी.ए.च्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचे, दारही उघडे राहते.

नृत्यकंपनीच्या पगारावर जगणारे समकालीन नर्तक आपल्याकडे फार थोडे आहेत. बहुतेकांचे घर शिकवण्या आणि कार्यशाळांवर चालते. हे तुमच्याइतकेच तिच्या वडिलांनी ऐकायला हवे, कारण त्यांच्यापासून लपवून घेतलेला प्रवेश शुल्काच्या पहिल्याच हप्त्याला उघडा पडेल. गुडघ्याचा अहवाल हाती आला की त्यांना सारे सांगा, आणि पुढचे पत्र मुलीला स्वतः लिहू द्या.