बर्म्युडाकडे तेल नाही, खनिजे नाहीत, म्हणण्यासारखी शेतीही नाही; मग ती बेटे इतकी श्रीमंत कशी? आणि तेथील विमा कंपनीत नोकरी मिळत असेल तर जावे का?

या प्रश्नाला लोक 'करचुकवेगिरी' असे एका शब्दात उत्तर देतात. तेच उत्तर मी पुण्यात आमच्या घरी, जेवताना, माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. ते कर सल्लागार आहेत आणि मी बर्म्युडाची राजधानी हॅमिल्टन येथील एका पुनर्विमा कंपनीत, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीत, दाव्यांच्या राखीव निधीचे काम पाहत होते. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर दूर अटलांटिकमध्ये असलेल्या या ५४ चौरस किलोमीटरच्या बेटांवर मूळची मानवी वस्ती नव्हतीच. १६०९ मध्ये व्हर्जिनियाकडे निघालेले 'सी व्हेंचर' हे जहाज वादळात सापडून तेथील प्रवाळखडकांवर अडकले, त्यावरील लोकांनी बेटावरचे सीडरचे लाकूड वापरून दोन नवी जहाजे बांधली आणि बहुतेक जण पुढे निघून गेले. कायमची वसाहत १६१२ पासूनची. निसर्गाने दिलेली पुंजी वसाहतवाल्यांनी बरीचशी उडवली. काहाऊ नावाचा समुद्रपक्षी माणसांनी, डुकरांनी आणि उंदरांनी असा संपवला की १९५१ मध्ये त्याच्या थोड्या जोड्या सापडेपर्यंत तो तीन शतके नामशेष मानला जात होता. सीडरची सुमारे ९५ टक्के झाडे १९४० च्या दशकात खवले किडीने गेली, आणि त्यांच्या जागी आणलेल्या झाडांत आपल्या कोकण किनाऱ्यावरची सुरूही होती, जी तेथील वादळांत मुळासकट कोसळते.

धंद्यांचेही तसेच झाले. गुलामांच्या श्रमावर चाललेली जहाजबांधणी आणि कॅरिबियनजवळच्या टर्क्स बेटांवरील मिठाचा व्यापार मागे पडल्यावर, १८४९ पासून आलेल्या पोर्तुगीज शेतमजुरांच्या हातांनी कांदा पिकू लागला आणि तो न्यू यॉर्कला जाऊ लागला. पुढे टेक्ससच्या शेतकऱ्यांनी 'बर्म्युडा कांदा' याच नावाने आपला माल विकायला सुरुवात केली, अमेरिकेने आयात शुल्क वाढवले आणि तो बाजार हातचा गेला. परक्या सरकारच्या एका निर्णयाने कांदा कसा मातीमोल होतो हे नाशिककडच्या वाचकांना मी काय सांगावे! ब्रिटिश नौदलाची गोदी १९५१ मध्ये बंद झाली. पर्यटन आजही आहे, परंतु बेटांचे पोट आता त्यावर भरत नाही.

भावोजी आणि जाऊबाई आमच्याकडे आले ते एप्रिलमध्ये, म्हणजे कोरड्या दिवसांत. बर्म्युडात नदी नाही, ओढा नाही. छपरे चुनखडीच्या लाद्यांची, पायऱ्यापायऱ्यांची आणि पांढरी असतात. त्यांवरचे पाणी घराखालच्या टाकीत उतरलेच पाहिजे, असा बांधकामाचा नियमच आहे. वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस, तोही बारमाही विखुरलेला, त्यामुळे एरवी भागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकांची आणि आमची टाकी एकच होती. भावोजी सकाळी शॉवरखाली उभे राहून, दार थोडे किलकिले ठेवून, माझ्या यजमानांशी करबुडव्या कंपन्यांविषयी वाद घालत. काही दिवसांनी घरमालक काठी घेऊन आले, टाकीचे झाकण उघडून त्यांनी पाणी मोजले आणि ओली झालेली लांबी भावोजींना दाखवली. टँकर मागवला, मागणी इतकी होती की त्याची वाट पाहावी लागली. भावोजी म्हणाले, "टँकर तर आमच्या सोसायटीतही येतो." तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरचे पाणी कोठे जाते, असे मी विचारल्यावर जाऊबाईच हसल्या.

त्या संध्याकाळी भावोजींनी घरमालकांना, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांहून आलेल्या कुटुंबातल्या त्या वृद्ध गृहस्थांना, तुम्ही कर भरत नाही हे योग्य आहे का, असे सरळ विचारले. त्यांनी शांतपणे छपराच्या रंगापासून टोमॅटोपर्यंत यादी सांगितली: जवळपास सर्व माल बोटीने येतो, त्यावर सीमाशुल्क लागते, शिवाय घरावर जमीन कर आहेच. भावोजी गप्प बसले, पण त्यांचे मत बदलले नाही.

माझे म्हणणे असे आहे की शून्य आयकराने कंपन्यांच्या पाट्या येतात, धंदा येत नाही. शून्य कराची बेटे जगात इतरही आहेत. मोठ्या आपत्तींचा पुनर्विमा मात्र बर्म्युडात एकवटला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दायित्व विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागली तर कामी येणारा विमा, मिळेनासा झाला, तेव्हा तेथील मोठ्या उद्योगांनीच पैसे घालून बर्म्युडात विमा कंपन्या काढल्या. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात विमा कंपन्या बुडवल्या आणि वर्षभरात नव्या पुनर्विमा कंपन्या अब्जावधी डॉलरच्या भांडवलासह हॅमिल्टनमध्ये उभ्या राहिल्या. २००१ चा न्यू यॉर्कवरील दहशतवादी हल्ला आणि २००५ चे कॅटरिना वादळ यांनंतरही तेच घडले. न्यू यॉर्क विमानाने दोन तासांवर, कायदा इंग्रजी धर्तीचा, चलन अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेले, आणि परवाना लवकर देऊनही कामकाज नीट तपासणारा नियामक. त्या नियामकाची चौकट युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या नियमांशी समकक्ष मानली. केवळ पाट्या लावणाऱ्या जागेला हा दर्जा मिळत नाही.

कर अगदीच गौण आहे असे मात्र मी म्हणत नाही. शून्य आयकर नसता तर पहिली कंपनी आलीच नसती. दरडोई उत्पन्नाचा आकडाही फसवा आहे. सीमाशुल्काचा भार गरिबांवर अधिक पडतो, आणि १८३४ मध्ये गुलामी संपूनही हॉटेले आणि चित्रपटगृहे यांतील वर्णभेद १९५९ च्या बहिष्कारानंतरच हटला. या धंद्याच्या वरच्या खुर्च्यांवर कृष्णवर्णीय स्थानिक आजही कमी दिसतात. २०२५ पासून ७५ कोटी युरो वा त्याहून अधिक उलाढालीच्या बहुराष्ट्रीय समूहांना तेथे नफ्यावर १५ टक्के कर लागू झाला आहे. आता सगळे पळतील, असे भावोजी म्हणतात. पळून पुढच्या अँड्र्यूचे भांडवल कोठे उभारतील, हे ते सांगत नाहीत.

नोकरीचे म्हणाल तर अनुभवासाठी जरूर जा, साठवणुकीसाठी जाताना आधी घरभाडे पाहा. कामाचा परवाना त्या नोकरीपुरताच असतो आणि जोडीदाराला आपोआप काम करता येत नाही. एका घराला एकच मोटार मिळते. पगार करमुक्त आहे असे कोणी सांगितले तर पगारपत्रकाचा नमुना मागा, कारण वेतन कराचा काही भाग कर्मचाऱ्याकडून कापला जातो. माझे पगारपत्रक मी भावोजींना दाखवले होते. याला कर म्हणत नाहीत, असे त्यांचे उत्तर होते.