नऊ शहरांचा तक्ता

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता दोन्ही नीट वाचले. मार्चच्या अखेरीस निघून सोळा दिवसांत नऊ शहरे, प्रत्येकापुढे गाडीची वेळ, मुक्कामाचे भाडे आणि पाहायच्या स्थळांची यादी. तक्ता निर्दोष आहे. मात्र पत्राच्या शेवटी तू घाईघाईने लिहिले आहेस की खरे तर कुठेच जावेसे वाटत नाही, पण युरोपात राहून फिरले नाही तर आईबाबांनी एवढा खर्च कशासाठी केला असे सगळे विचारतील. त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहीत आहे. प्रवासाने माणूस घडतो हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही मान्य आहे, त्यावर शाई घालवत नाही. माझे म्हणणे एवढेच की जिथे राहतेस तिथला वसंत आधी पुरता पाहा.

१९९७ साली मीही जर्मनीत तुझ्याच ट्यूबिंगनमध्ये होतो आणि माझ्याजवळही असाच तक्ता होता. शेंगेन करार दोनच वर्षांपूर्वी अमलात आला होता. जर्मनीच्या निवास-परवान्यावर फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, स्पेन, पोर्तुगाल इथे वेगळा व्हिसा न काढता जाता येत होते आणि ही संधी सोडणारा मूर्खच, अशी माझी ठाम समजूत होती. उसने पैसे घेऊन रेल्वेने युरोपभर फिरण्याचा इंटररेलचा पास काढला, भाडे वाचावे म्हणून रात्री गाडीत काढल्या आणि पंधरा दिवसांत अकरा शहरे ‘केली’. आज त्यांतले काय उरले आहे, असे स्वतःला विचारतो तेव्हा लिस्बनच्या स्थानकातला बाक आठवतो आणि ब्रुसेल्सचा पाऊस आठवतो. बाकी सारे छायाचित्रांच्या पाठीमागे लिहिलेल्या नावांवरून ओळखावे लागते.

त्याच सुमारास माझ्या घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या बागेत बोलावले होते. आमेर नदीच्या खोऱ्यात, उंटरयेझिंगेनच्या उतारावर त्यांची सफरचंदाची आणि नासपतीची तीसेक झाडे होती. अशा जमिनीला तिथले लोक ‘श्ट्यूक्ले’ म्हणतात, म्हणजे आपला जमिनीचा तुकडा. एप्रिलच्या शेवटी झाडांची साल सुटू लागली की कलमे बांधायची असतात, येशील का, असे त्यांनी विचारले. प्रवासामुळे अभ्यास मागे पडला होता, म्हणून मी नाही म्हटले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्याच प्रवासाचे कर्ज फेडण्यासाठी मी दर शनिवारी एका उपाहारगृहात भांडी घासत होतो. तिसऱ्या वर्षी, १९९९मध्ये, गेलो.

जानेवारीत कापून तळघरातल्या ओल्या वाळूत जपलेल्या काड्या बाईंनी बाहेर काढल्या, खुंटाच्या सालीला उभी चीर दिली आणि काडी आत सरकवून बांधायला माझ्या हाती दिली. मी देवगडचा, वडिलांना हापूसची भेटकलमे बांधताना बघत लहानाचा मोठा झालेला. अडीच वर्षे त्या गावात राहून ज्या भाषेत मला धड बोलता येत नव्हते, ती त्या सकाळी माझ्या हातांना समजली. पण त्या वर्षी बाईंना शिडी चढवत नव्हती. वरच्या फांद्यांचे काम त्या खालून नुसते तोंडाने सांगत होत्या आणि स्वाबियन बोलीतले त्यांचे अर्धे बोलणे माझ्या डोक्यावरून जात होते. आधीच्या दोन वसंतांत त्या स्वतः शिडीवर असत. ती दोन वर्षे मला कोणतेही शहर परत देणार नाही, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

जिथे राहतेस तिथला वसंत पाहा, याचा अर्थ खोलीत बसून राहा असा नाही. घड्याळ एक तास पुढे सरकेल आणि तुझ्या-माझ्या वेळेतले साडेचार तासांचे अंतर साडेतीन होईल, त्या रविवारी किल्ल्यामागच्या श्पिट्सबर्गच्या वाटेने वुर्मलिंगेनच्या टेकडीवरील चॅपेलपर्यंत चालत जा. पुढच्या रविवारी पुन्हा तीच वाट धर, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. रानात अस्वल-लसूण उगवेल, त्याच्या वासाने सारी वाट भरून जाईल. पण नीट ओळख पटल्याशिवाय त्याचे पान खुडू नकोस, कारण तशाच पानांची विषारी झाडे त्याच सुमारास येतात. आधी चेरी फुलेल, मग नासपती, मग सफरचंद. मेच्या ११ ते १५ या दिवसांना तिथे ‘हिमसंत’ म्हणतात. त्या रात्री दव गोठले तर वर्षाचे फळ जाते. बाई त्या पाच दिवसांत पहाटेच बागेकडे जात. मोहराच्या दिवसांत आभाळ भरून आले की आपल्या कोकणात घराघरांत जी शांतता पसरते, तीच तिथे मी पाहिली, पण तीन वर्षांत एकदाच.

त्याच गावात नेकार नदीकाठच्या बुरुजात जर्मन कवी होल्डरलिन १८०७पासून १८४३पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, एका सुताराच्या घरी राहिला. आजाराने त्याला तिथे आणले होते, ते दुःख मी गोड करून सांगणार नाही. पण त्या खिडकीशी बसून त्याने ‘वसंत’ याच एका नावाच्या किती कविता लिहिल्या ते ग्रंथालयात बघून ये.

तुझी दुसरी तक्रार दिनक्रमाची. तेच मेन्सातले, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतले, जेवण, रविवारी बंद दुकाने, बाटल्या परत करून २५-२५ सेंट गोळा करणे, आणि दारावर केरवोखेची, म्हणजे झाडण्याच्या पाळीची, पाटी लागली की आठवडाभर जिना झाडणे. हे वाचून मी थोडा चिडलो. अगं, जिना झाडताना खालच्या मजल्यावरची माणसे दार उघडतात! माझ्या मालकीणबाई माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या त्या झाडू हातात असतानाच. नऊ शहरांत तुझ्यासाठी असे दार कोण उघडणार आहे?

माझे मित्र अजून म्हणतात की तीन वर्षे युरोपात राहून याने रोम पाहिले नाही. १९९९नंतर मी ठरवूनच गेलो नाही, आणि पुढे पुण्यात आल्यावरही मुलांना दर सुट्टीत त्याच एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेत राहिलो. त्यांना ते पुष्कळ वर्षे जाचले. कदाचित मी हट्ट जास्तच ताणला असेल. पण त्या सड्यावरचे कोणते फूल श्रावणात येते आणि कोणते भाद्रपदात, हे माझ्या मुलांना पुस्तकाशिवाय सांगता येते, आणि याबद्दल मला कोणाची माफी मागावीशी वाटत नाही.

आईबाबांशी मी बोलेन, ती काळजी सोड. तुझ्याजवळ ते देशभराचे महिन्याचे तिकीट आहे. जलद गाड्यांना चालत नसले तरी आमेर खोऱ्यातल्या छोट्या गाडीला चालते. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उंटरयेझिंगेनला उतर आणि द्राक्षमळ्यांच्या बाजूने वर चढत जा. दुसऱ्या वळणाला डाव्या हाताला नासपतीचे एक झाड होते, कमरेइतक्या उंचीवर त्याच्या खोडाला गाठ आहे. ते कलम मी बांधलेले. तुला तिथे पाठवण्यात माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही. झाड फुलले असेल तर तसे लिही, तोडले असेल तर तेही लिही.

तुझा,
काका