मेकफाइल कंपायलरचं ऐकत का नाही?

प्रश्न : कॉलेज प्रोजेक्ट सी मध्ये आहे, मी उबंटूवर आणि पार्टनर मॅकबुकवर. क्लँग हा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तो, नाहीतर जीसीसी हा दुसरा कंपायलर, असं आपोआप व्हायला हवंय. म्हणून मेकफाइलमध्ये (मेक हे बिल्डचं टूल जी सूचनांची फाइल वाचतं ती) कंपायलरचं नाव ठेवणारं मोठ्या अक्षरांतलं सीसी, पुढे प्रश्नचिन्ह आणि बरोबर, मग क्लँग अशी ओळ टाकली. काही फरक नाही, मेक लहान अक्षरांतली सीसी हीच कमांड चालवतं. क्लँग इन्स्टॉल आहे, टर्मिनलवर चालतोही. पार्टनर म्हणतो माझ्याकडे जीसीसीच आहे, पण ओपनएमपीचा (एकाच वेळी अनेक कोअरवर काम चालवायची सोय) फ्लॅग, म्हणजे कमांडपुढचा पर्याय, दिला की एरर येतो.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची ओळ दिसायला बरोबर आहे, म्हणूनच हा घोळ पटकन सापडत नाही. प्रश्नचिन्ह-बरोबरचा अर्थ 'हे व्हेरिएबल आधी कुठेच ठरलेलं नसेल तरच', आणि जीएनयू मेक तुमची फाइल वाचायच्या आधीच सीसी व्हेरिएबल स्वतः ठरवून बसलेलं असतं, त्याची व्हॅल्यू लहान अक्षरांतली सीसी कमांड, जी उबंटूवर सहसा जीसीसीकडेच जाते. म्हणजे तुमच्या ओळीची पाळी कधी येतच नाही. 'मेक डॅश पी' चालवून बघा, सीसीच्या ओळीच्या वरच 'डिफॉल्ट' अशी कॉमेंट दिसेल.

यावर उपाय म्हणजे ऑरिजिन हे फंक्शन, व्हेरिएबल आलं कुठून ते सांगतं. सीसीचं ऑरिजिन 'डिफॉल्ट' असेल तरच आपण हात घालायचा, इफ-इक्यूच्या (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते बघणारी अट) आत शेलमधून 'कमांड डॅश व्ही क्लँग' म्हणजे क्लँग कुठे आहे ते विचारायचं, पाथ मिळाला तर क्लँग, रिकामं आलं तर जीसीसी. कुणी एन्व्हायरन्मेंटमधून किंवा मेकच्या कमांडवरच सीसी दिलं असेल तर ऑरिजिन वेगळं येतं आणि त्याची निवड तशीच राहते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आपोआप निवड ही ज्याने काही सांगितलंच नाही त्याच्यासाठी असते, सांगितलेलं पुसून टाकण्यासाठी नाही. आणि एक विनंती, रेसिपीत (मेकफाइलमधल्या प्रत्यक्ष चालणाऱ्या कमांडच्या ओळी) थेट जीसीसी लिहू नका, तिथे व्हेरिएबलच हवं. डेबियन या लिनक्सचे लोक दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी (वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी) पॅकेज बनवतात तेव्हा त्या आर्किटेक्चरचा कंपायलर सीसीमधूनच पाठवतात, रेसिपीत नाव ठोकलेलं असलं की ते बिल्ड तिथेच आडवं होतं.

आता मॅक. पार्टनरला 'जीसीसी डॅश डॅश व्हर्जन' टाकायला सांगा, ॲपल क्लँग असं उत्तर येईल. ॲपलच्या डेव्हलपर टूल्ससोबत येणारी जीसीसी कमांड म्हणजे क्लँगच आहे आणि तो ओपनएमपीचा साधा फ्लॅग घेत नाही. त्यामुळे नावावरून कंपायलर ओळखणं सोडून द्या. कोडमध्ये जीएनयूसीचा मॅक्रो (कंपायलर स्वतःची ओळख म्हणून आधीच ठरवून ठेवतो ते नाव) तपासूनही भागत नाही कारण क्लँगही तो डिफाइन करतो, आधी क्लँगचा मॅक्रो बघावा लागतो. खरी पद्धत म्हणजे दोन-तीन ओळींचा प्रोग्रॅम त्या फ्लॅगसकट कंपाइल करून बघायचा, झाला तर फ्लॅग ठेवायचा. ऑटोकॉन्फ हे बिल्डआधी सिस्टीम तपासणारं टूल १९९१ पासून असंच करून बघत आलंय आणि ही कल्पना अजून जुनी झालेली नाही. पार्टनरला खरा जीसीसीच हवा असेल तर होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) टाकावा, त्याच्या नावात व्हर्जन असतं, जीसीसी-१४ सारखं, तेच नाव मेकला सीसी म्हणून द्यायचं.

कंपायलर बदललात की मेक क्लीन नक्की करा, मेक फाइलच्या वेळा बघतं, कंपायलर बदलल्याचं त्याला कळत नाही आणि जुन्या ऑब्जेक्ट फाइल (आधी कंपाइल झालेले तुकडे) तशाच लिंक होतात.

प्रश्न : सीमेक हे बिल्ड फाइल बनवणारं टूल वापरते. सीएक्सएक्स (सी++ कंपायलरचं नाव सांगणारं व्हेरिएबल) एक्स्पोर्ट करून क्लँग दिला तरी प्रत्येक वेळी जुनाच कंपायलर.
— एक वाचक, पुणे

उत्तर : सीमेक ते व्हेरिएबल बिल्ड फोल्डर पहिल्यांदा कॉन्फिगर होतानाच बघतं, मग कंपायलर कॅशमध्ये (त्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये) जातो आणि नंतर एक्स्पोर्ट केलेलं कुणी विचारत नाही. व्हर्जन ३.२४ पासून नव्याने कॉन्फिगर करायला 'डॅश डॅश फ्रेश' आहे, त्याआधीचं असेल तर बिल्ड फोल्डर उडवा. रोज दोन्ही कंपायलर लागत असतील तर दोन वेगळे बिल्ड फोल्डर ठेवा आणि प्रीसेट्सच्या (ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये दोन्ही कंपायलरची नावं लिहून टाका, ती सोय ३.१९ पासून आहे. रास्पबेरी पायसाठी लॅपटॉपवरून बिल्ड करायचं असेल तर मात्र टूलचेन फाइलच (दुसऱ्या मशीनसाठी बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल) हवी, कारण तिथे कंपायलरच्या जोडीला लायब्ररी आणि हेडर कुठे शोधायचे हेही सांगावं लागतं.