चाचणीत ‘होय’ कमी आले, म्हणजे हिंसाचार कमी असे नव्हे

आपल्या चाचणी-सर्वेक्षणात तालुक्यातील ६० विवाहित स्त्रियांपैकी केवळ दोघींनी पतीच्या मारहाणीबद्दल सांगितले आणि ‘या भागात हे प्रमाण कमीच असावे’ असे मार्गदर्शकांचे मत पडले, हे आपले लिखाण वाचून मला माझे पहिले सर्वेक्षण आठवले. नमुना निवड आणि संमतीपत्र आपल्याला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी विवाह झालेल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले होते. साठांत दोन हा आकडा पाहून मी तरी आधी गावाकडे नव्हे, मुलाखतीकडे पाहीन.

माझी चूक एका ओळीची होती. परवानगीच्या अर्जावर ‘विषय’ या शब्दापुढे मी ‘स्त्रियांवरील कौटुंबिक हिंसाचाराचे सर्वेक्षण’ असे सविस्तर लिहिले. संबंधित कार्यालयाने (नाव घेत नाही) दोन महिने टेबलांवरून टेबलांवर फिरवून परवानगी दिली खरी, पण तोच विषय जसाच्या तसा उतरवून पत्राची प्रत ‘माहितीसाठी’ प्रत्येक ग्रामपंचायतीला धाडली, आणि दोन गावांत ती फलकावर लागली. त्यांपैकी एका गावात दुसऱ्या दिवशी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली एक बाई, मी पिशवीतून कागद काढण्याआधीच, दाराआडच्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘ताई, आमच्याकडं तसलं काही नाही.’ प्रश्न विचारलाच नव्हता. दोन्ही गावे मला वगळावी लागली, पाच महिने गेले. आणि आमच्यामुळे कोणाला रात्री जाब द्यावा लागला असेल का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तक्रार करायला गेले, तर ‘मॅडम, पारदर्शकता नको का?’ असे उत्तर मिळाले!

म्हणून सर्वेक्षणाला बाहेर ‘स्त्रियांचे आरोग्य व जीवनानुभव’ असेच नाव द्यावे. खरा विषय संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीला पूर्ण सांगावा आणि त्या स्त्रीला एकांतात, हिंसेचे प्रश्न सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगून तिची संमती पुन्हा घ्यावी. हे लपवाछपवीचे वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे. एका घरात एकाच स्त्रीला विचारावे, म्हणजे घरात दुसऱ्या कोणाला प्रश्न कळत नाहीत. कोणी मध्येच आले, तर उलटायला बाळांच्या लसीकरणाची एक पानभर प्रश्नावली जवळ असावी. आशाताईंना सोबत नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या चांगल्या असतात, पण त्याच गावच्या असतात.

आणखी एक. ‘तुमच्यावर हिंसाचार झाला का?’ असे विचारत असाल, तर ते आजच काढा. कानाखाली मारली का, ढकलले का, केस धरून ओढले का, असे एकेका कृत्याबद्दल विचारावे, आणि ‘कधीही’ व ‘गेल्या १२ महिन्यांत’ हे वेगळे नोंदवावे. माझ्या अनुभवात ‘हिंसाचार’ म्हटल्यावर बायकांच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणे येते, थप्पड येत नाही.

मी संख्याशास्त्रज्ञ नाही. नमुन्याच्या आकाराबद्दल जाणकारांनाच विचारा. मात्र त्या ६० मुलाखतींच्या वेळी खोलीत आणखी कोण होते, याची नोंद केली असल्यास ती येथे जरूर टाका.