चाळिशीनंतर फँटसी मालिका आणि ‘यंग ॲडल्ट’ कादंबऱ्या वाचण्यात अर्थ आहे का?

आपला प्रश्न असा आहे, की मुलगी नववीत असून तिच्या कपाटातल्या फँटसी मालिका आणि ‘यंग ॲडल्ट’ म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या आपण चाळल्या, काही आवडल्याही. परंतु चाळिशी ओलांडलेल्या माणसाने त्यांत वेळ घालवावा का, आणि घालवायचाच तर सुरुवात कुठून करावी, हे आपल्याला ठरवता येत नाही. मी वयाने आपल्याहून थोडा मोठा आहे आणि ही पुस्तके घरातल्या मुलांच्या निमित्ताने नव्हे, तर स्वतःसाठी विकत घेऊन वाचतो. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट नाही. कोणतीही मालिका मी तिच्या शेवटावरून जोखतो. जग किती तपशिलाने उभे केले आहे, जादूचे नियम किती चोख आहेत, नकाशे किती देखणे आहेत, या गोष्टी पहिल्या शंभर पानांपुरत्या मोहवतात. मिळालेल्या विजयाची किंमत अखेरीस कोणी आणि कशी मोजली, हा हिशेब लेखकाने टाळला असेल, तर प्रौढ वाचकाच्या हाती फारसे काही उरत नाही. या कसोटीवर किशोरांसाठी लिहिलेली काही पुस्तके मोठ्यांसाठी लिहिलेल्या जाडजूड मालिकांहून सरस ठरतात, असे माझे मत आहे. शेवटांविषयीच बोलायचे असल्याने पुढे काही कथानके उघड होतील, याची पूर्वकल्पना देऊन ठेवतो.

वयोगटाच्या शिक्क्याला मी फार महत्त्व देत नाही, कारण पुस्तक दुकानात कोणत्या फळीवर ठेवायचे, या सोयीतूनच तो बहुतेकदा लागतो. ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने हॅरी पॉटरची पुस्तके मोठ्यांसाठी वेगळ्या, गंभीर मुखपृष्ठांनिशी काढली. आतला मजकूर अर्थातच तोच होता. न्यूयॉर्क टाइम्सने २००० साली बालसाहित्याच्या खपाची स्वतंत्र यादी सुरू केली, तीही याच मालिकेने मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा अडवून ठेवल्या होत्या म्हणून. उलट दिशेने झालेला प्रवास पाहायचा असेल, तर सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका पाहावी. २०१५ साली ती ‘यंग ॲडल्ट’ म्हणून आली आणि पुढे नवी मुखपृष्ठे चढवून मोठ्यांच्या विभागात हलवण्यात आली. (ती मला पहिल्या खंडापलीकडे वाचवली नाही, पण तो निव्वळ आवडीनिवडीचा भाग आहे.) आपल्याकडे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ नववीतल्या मुलाच्या तोंडून सांगितलेली आहे, तरी तिला कोणी किशोर कादंबरी म्हणून बाजूला काढत नाही.

मोठ्यांच्या फँटसीची अडचण भाषेची किंवा विषयाची नसून आटोक्याची आहे. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका १९९० साली सुरू झाली. २००७ मध्ये लेखकाचे निधन झाले, त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि चौदावा खंड २०१३ मध्ये आला. तिचे चाहते पुष्कळ आहेत आणि सुरुवातीच्या खंडांची पकड मीही मान्य करतो. परंतु नवव्या खंडाच्या अखेरीस एक मोठी घटना घडते आणि ती घडत असताना बाकीची पात्रे कुठे काय करत होती, यावर दहाव्या खंडाचा बराच मोठा भाग खर्ची पडतो, तेव्हा वाचकाच्या आयुष्यालाही मर्यादा आहेत, याची लेखकाला आठवण करून द्यावीशी वाटते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे प्रकरण अधिक खेदाचे आहे, कारण सत्ता माणसाचे काय करते, हे त्यांच्याइतक्या निर्दयपणे या प्रकारात फार थोड्यांनी दाखवले असेल. त्यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा; सहावा अजून आलेला नाही, आणि तिच्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका तर २०१९ मध्येच संपली. एखाद्या पात्राला अनपेक्षितपणे मारणे सोपे असते. त्या मरणातून पुढे काय निष्पन्न झाले, हे सांगण्याचे काम शेवटच्या खंडावर असते आणि तो खंडच नसेल, तर आधीच्या हजारो पानांचे मोल कसे ठरवायचे?

टॉल्किन यांना मी या तक्रारीतून वगळतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांनी एकच कादंबरी म्हणून लिहिली होती. कागद महाग होता आणि प्रकाशकाला धोका पत्करवत नव्हता, म्हणून १९५४ ते १९५५ या काळात ती तीन भागांत निघाली. तिच्या अखेरीस तिचा नायक फ्रोडो घरी परततो, त्याचा गाव वाचलेला असतो, पण त्याला मात्र तिथे जगता येत नाही, कारण जखम भरत नाही. विजय आपला आणि त्याचे सुख दुसऱ्यांचे, हा निर्णय घेण्याचे धैर्य नंतरच्या अनुकरणकर्त्यांपैकी फार थोड्यांनी दाखवले.

आता उर्सुला ले ग्विन यांच्याकडे येतो, कारण आपण एकच मालिका वाचणार असाल, तर ‘अर्थसी’ वाचावी, असे मी सांगेन. पहिले पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ चे; किशोर वाचकांसाठी काहीतरी लिहा, या एका प्रकाशकाच्या सूचनेतून ते जन्माला आले आणि ते दोनशे पानांच्या आसपासच आहे. गेड नावाचा बुद्धिमान, गर्विष्ठ मुलगा जादूच्या विद्यालयात केवळ ईर्ष्येपोटी एक निषिद्ध प्रयोग करतो, त्यातून एक काळी छाया जगात मोकळी होते आणि त्याला वाचवताना विद्यालयाच्या वृद्ध प्रमुखाचा प्राण जातो. पुढे संपूर्ण पुस्तकभर आधी ती छाया गेडच्या मागावर असते आणि नंतर गेड तिच्या मागावर. शेवटी भर समुद्रात ते समोरासमोर येतात, तेव्हा युद्ध होत नाही. गेड तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. खलनायकाला ठार मारण्यावाचून कथा संपवता येते, हे किशोरांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेने इतक्या कमी पानांत दाखवून दिले. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे आणि त्या द्वीपसमूहातले बहुसंख्य लोक सावळे किंवा काळे आहेत, ही गोष्ट १९६८ साली किती वेगळी होती, याची कल्पना नंतरच्या चित्रकारांनी आणि चित्रपटवाल्यांनी त्याला वारंवार गोरा करून टाकला, यावरून यावी.

परंतु मी ही मालिका प्रौढांना सुचवतो, ती प्रामुख्याने चौथ्या पुस्तकासाठी. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ आणि ‘द फार्देस्ट शोअर’ यांनंतर १९७२ साली त्रयी पूर्ण झाली होती; तिसऱ्या पुस्तकात महाजादूगार झालेला गेड जीवन आणि मृत्यू यांच्यामधले उघडे पडलेले दार बंद करण्यासाठी आपली सगळी शक्ती खर्च करून बसतो. कोणत्याही लेखकाने तिथे थांबावे, इतका तो शेवट भव्य आहे. ले ग्विन अठरा वर्षांनी परत आल्या आणि १९९० च्या ‘टेहानू’त त्यांनी विचारले, की शक्ती गेल्यानंतरच्या सकाळी त्या माणसाने काय केले? तो लाजतो, लपतो, कुढतो, आणि हळूहळू शेळ्या राखायला शिकतो. कथेच्या मध्यभागी तो नाहीच. तिथे आहे टेनार, दुसऱ्या पुस्तकातली ती कोवळी पुजारीण, जी आता शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा आहे, आणि तिने सांभाळायला घेतलेली, आपल्याच माणसांनी आगीत ढकललेली एक लहान मुलगी. जादूच्या विद्यालयात मुलींना प्रवेश का नव्हता, बायकांच्या जादूविषयी तिथल्या म्हणी इतक्या तुच्छतेच्या का होत्या, हे प्रश्न पहिल्या पुस्तकात लेखिकेलाही पडलेले दिसत नाहीत. चौथ्यात त्या स्वतःच्याच जगाची उलटतपासणी घेतात. अनेक जुन्या वाचकांना हे पुस्तक रुचले नाही, आणि त्यांची निराशा मी समजू शकतो, कारण त्यात भांडी घासणे, शेळीचे दूध काढणे आणि रात्री दाराला कडी लावताना वाटणारी भीती यांना ड्रॅगनांपेक्षा अधिक जागा आहे. मला मात्र चाळिशीतल्या वाचकासाठी याहून योग्य फँटसी माहीत नाही. मूळ आवृत्तीवर त्यांनी ते अर्थसीचे अखेरचे पुस्तक असल्याचे छापले होते. पुढे २००१ साली आणखी दोन आलीच, पण त्यांनीही हिशेब लांबवला नाही, पुरा केला.

फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ (१९९५ ते २०००) ही त्रयी अधिक महत्त्वाकांक्षी आणि अधिक विस्कळीत आहे. इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याशी तिने मांडलेला वाद जाणकारांना रंजक वाटेल, आणि तिसऱ्या खंडाला ब्रिटनमधला व्हिटब्रेड वर्षग्रंथ पुरस्कार मिळाला, जो त्याआधी कोणत्याही बालपुस्तकाला मिळाला नव्हता. त्या खंडात पात्रांची गर्दी फार झाली आहे आणि चर्चवरचा राग काही ठिकाणी कथेच्या पुढे धावतो, असे मला वाटते. तरीही शेवटाची पन्नासेक पाने या सगळ्याची भरपाई करतात. नायिका लायरा आणि दुसऱ्या जगातला तिचा साथी विल यांना आपापल्या जगात परतावे लागते आणि जगांमधल्या खिडक्या बंद कराव्या लागतात. एक खिडकी उघडी ठेवता येईल, पण ती मृतांना बाहेर पडण्यासाठी हवी आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे, सत्य सांगणारे जे यंत्र लायरा लहानपणी सहज वाचत असे, ते मोठी होताच तिला वाचता येईनासे होते. ती विद्या आता वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळवावी लागेल. उपजत देणगी जाऊन तिच्या जागी कष्ट येणे, हा वयात येण्याचा अर्थ मी अन्यत्र इतका नेमका मांडलेला पाहिलेला नाही.

हॅरी पॉटरविषयी माझे मत संमिश्र आहे, आणि ते लिहिल्याने काही वाचक नाराज होतील. अखेरच्या खंडात मरण पत्करायला निघालेला हॅरी जंगलाकडे चालत जातो, ते प्रकरण उत्तम आहे. मात्र त्यानंतरचा एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार सगळ्यांची लग्ने लावून, मुलांची नावे ठेवून मोकळा होतो. गुलाम म्हणून राबणाऱ्या घर-एल्फ नावाच्या जीवांच्या मुक्तीसाठी हॅरीची मैत्रीण हर्मायनी चौथ्या खंडात चळवळ उभारते, तिची बव्हंशी थट्टा होते आणि युद्ध जिंकल्यावरही त्या व्यवस्थेचे काय झाले, हे आपल्याला कळत नाही. बारा वर्षांच्या वाचकाला हे खटकणार नाही. आपल्याला खटकेल, आणि खटकायला हवे.

जादूविरहित ‘यंग ॲडल्ट’ पुस्तकांत सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ त्रयी (२००८ ते २०१०) अवश्य वाचण्याजोगी आहे; मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी झुंजायला लावणाऱ्या राजवटीची आणि तिच्याविरुद्धच्या बंडाची ही कथा आहे. तिच्यात या प्रकाराचे ठरावीक दोष आहेतच: सगळे निवेदन नायिकेच्या तोंडून आणि वर्तमानकाळात, त्यामुळे घटनेकडे थोडे मागे सरून पाहायला जागाच नाही, शिवाय दोन तरुणांमधून एकाची निवड, हा प्रेमत्रिकोण अनावश्यक ताणलेला. तिच्या यशानंतर याच साच्याच्या कादंबऱ्यांची जी रांग लागली, तिच्यातले बरेचसे आज वाचले नाही तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या खंडात मात्र कॉलिन्स यांनी सोपी वाट नाकारली. जिच्यासाठी हा सारा संघर्ष सुरू झाला, ती धाकटी बहीण आपल्याच बाजूच्या बाँबने मेली असण्याची दाट शक्यता पुढे येते, बंडाची नेता नव्या जुलमाची तयारी करते, आणि जिंकलेली नायिका उरलेले आयुष्य दुःस्वप्नांसह काढते. लेखिकेचे वडील व्हिएतनाम युद्धात गेलेले सैनिकी अधिकारी होते, ही माहिती कळल्यावर त्या शेवटातला कोरडेपणा कुठून आला असावा, याचा अंदाज येतो.

मुलीबरोबर एकाच वेळी वाचण्यासाठी जोनाथन स्ट्राउड यांची बार्टिमियस त्रयी (२००३ ते २००५) घ्यावी. लंडनवर जादूगारांचे सरकार आहे, त्यांची सारी जादू म्हणजे प्रत्यक्षात बोलावून बांधून घेतलेल्या जिनांची वेठबिगारी आहे, आणि त्यांपैकी पाच हजार वर्षांचा एक जिन तळटीपांमधून आपल्या मालकांची यथेच्छ टिंगल करतो. तिला त्या तळटीपा आवडतील. आपले लक्ष नथॅनियल या हुशार मुलाकडे जाईल, जो खंडागणिक अधिक यशस्वी, अधिक नीटनेटका आणि अधिक निर्ढावलेला सरकारी अधिकारी होत जातो. तिचा शेवट मी सांगत नाही, एवढी सूट घेतो. ‘अर्थसी’ची पहिली तीन पुस्तके तिने आत्ताच वाचायला हरकत नाही, ‘टेहानू’ आपण आधी वाचून मग तिच्या हाती द्यावे. पुलमन यांची मूळ त्रयीही नववीच्या मुलीला झेपेल, पण विशीतल्या लायराची कथा सांगणारा २०१९ चा ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ हा खंड सध्या आपल्याच कपाटात ठेवावा. त्यात आगगाडीतला एक प्रसंग फार हिंसक आहे, आणि शिवाय ते पुस्तक ऐन मध्यात तुटल्यासारखे थांबते, त्यामुळे पुढचा, २०२५ चा ‘द रोझ फील्ड’ हाताशी असल्याखेरीज ते आपणही सुरू करू नये.