नाळेविषयी तुमचे प्रश्न

बाळ नऊ दिवसांचं झालं, नाळ अजून पडली नाही. सासूबाई हळद-खोबरेल लावायला सांगतात. लावू का? (पंचवटीतून एक आई)

नको. हळद, तेल, राख, पावडर, काहीच लावू नका. नाळ वाळून आपोआप पडते, साधारण ५ ते १५ दिवसांत. नाशिकच्या थंडीत आपण बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतो, लंगोट बेंबीवर येतो आणि शू लागून नाळ ओलीच राहते. म्हणून लंगोट बेंबीच्या खाली दुमडा. मालिश करताना तेल बेंबीत साचू देऊ नका. देठ काळा पडेल, एका धाग्यावर लोंबेल, पडताना रक्ताचा एखादा थेंब दिसेल. ओढू मात्र नका. भोवतीची कातडी लाल झाली, पू किंवा घाण वास आला, ताप आला, बाळ दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

सासूबाईंची माया खरी आहे, त्यांना दुखवू नका. पण नाळेला शेण-राख लावून धनुर्वाताने बाळं दगावलेली आपल्या आज्यांनी पाहिली आहेत. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. ते सहज मिळालेलं नाही.

सोनोग्राफीत ‘गळ्याभोवती नाळ’ आलंय. सिझरच करावं लागेल?

नाही. असा वेढा पुष्कळ बाळांना असतो. पोटात बाळ नाका-गळ्यातून श्वास घेतच नाही, प्राणवायू नाळेतून येतो. कळा सुरू असताना ठोके नीट तपासले म्हणजे झालं.

नाळेतलं रक्त पैसे भरून साठवावं का? (इंदिरानगर)

घरात थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर डॉक्टरांशी बोला. एरवी ‘पुढे कधी लागेल’ म्हणून खासगी साठवणुकीची शिफारस आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही. त्यापेक्षा एक फुकटची गोष्ट मागा: बाळ चांगलं रडत असेल तर नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबा. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं.

माझी नाळ सिन्नरच्या वाड्यात पुरली होती. वाडा विकला. आता सगळे म्हणतात, गावाशी नाळ तुटली. नातवाची वाळलेली नाळ सिडकोतल्या फ्लॅटच्या कुंडीत पुरली तर चालेल?

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात: एक बाळाला देणारी, दोन बाळाकडून परत नेणाऱ्या. देणारी वाहिनी जन्मानंतर बंद होते, पण नाहीशी होत नाही. बेंबीपासून यकृतापर्यंत तिची दोरी आपल्या पोटात जन्मभर राहते. सत्तरीतही ती तुमच्या आत आहे, वाडा कुणाच्याही नावावर असो.

कुंडीत खुशाल पुरा. मोठी कुंडी घ्या, वीतभर खोल पुरा, मांजर उकरणार नाही असं बघा. आणि माती कालवल्यावर हात साबणाने धुऊन मगच नातवाला घ्या.