केप्लर गणितज्ञ की ज्योतिषी?

प्रश्न असा आहे : ग्रहगतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लर पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी 'मॅथेमॅटिकस' होता. भाषांतरात 'गणितज्ञ' लिहिलं, ते संपादकांनी खोडून 'खगोलशास्त्रज्ञ' केलं. बरोबर कोणतं?

मला विचाराल तर दोन्ही खोडा. लॅटिन 'मॅथेमॅटिकस'मध्ये ग्रहगणित करणारा आणि भविष्य सांगणारा एकाच घरात नांदतात. रोमन कायद्यांत 'मॅथेमॅटिकस' मंडळींवर बंदी दिसते, ती भूमिती शिकवणाऱ्यांवर नाही, कुंडल्या मांडणाऱ्यांवर!

केप्लरचं पोटापाण्याचं कामही असंच दुहेरी होतं. १५९४ साली तो ऑस्ट्रियातल्या ग्राट्सला आला, तो शाळेत गणित शिकवायला आणि दरवर्षी पंचांग करायला. गणिताला पहिल्या वर्षी मोजकी पोरं, दुसऱ्या वर्षी एकही नाही. पंचांग मात्र गाजलं. १५९५ सालासाठी त्यानं कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तवली होती. दोन्ही खरं ठरलं. थंडी तर अशी पडली, की डोंगरातले गुराखी घरी येऊन नाक शिंकरतात तेव्हा नाकच गळून पडतं, असं त्यानं आपल्या गुरूला, मेस्टलिनला, पत्रात कळवलं. पुढे त्यानंच लिहून ठेवलं, की फलज्योतिष ही खगोलाची वेडगळ लेक खरी, पण तिच्या कमाईवाचून आई उपाशी मेली असती. प्रागला रुडॉल्फच्या दरबारी पद मिळालं तरी पगार थकायचाच. १६३० मध्ये येणी वसूल करायला रेगेन्सबुर्गला गेला आणि तिथंच वारला.

आता मराठीकडे. 'ज्योतिष' हा शब्द आपल्याकडेही पूर्वी असाच ऐसपैस होता : गणित (ग्रहांची गणितं), संहिता (शकुन, पाऊसपाणी वगैरे) आणि होरा (कुंडलीवरून भविष्य) असे त्याचे तीन स्कंध, म्हणजे शाखा. शं. बा. दीक्षितांनी १८९६ साली खगोलगणिताचा इतिहास लिहिला, त्याला नाव दिलं 'भारतीय ज्योतिषशास्त्र'. आज मात्र 'ज्योतिषी' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर पत्रिका नि अंगठ्याच येतात, म्हणून तो शब्द इथं चालायचा नाही.

मी 'राजगणक' लिहीन. 'गणक' म्हणजे ग्रहांची गणितं करणारा, आणि त्यावरून फळ सांगणाराही. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ (१५२० मध्ये ज्या-कोटिज्यांवाचून (म्हणजे साइन-कोसाइनशिवाय) ग्रहगणित करून दाखवणारा 'ग्रहलाघव' ज्यांचा) त्याच जातकुळीतले. 'संगणक'मुळे कुणी गोंधळेल, तर पहिल्या उल्लेखापाशी एक ओळीची टीप द्या.

जाता जाता : त्याच मजकुरात गॅलिलिओ आला तर जपून. १६१० मध्ये फ्लॉरेन्सच्या दरबारी जाताना त्यानं 'गणक' या पदाला 'तत्त्वज्ञ' जोडून मागितलं, कारण विद्यापीठांत गणकाची पायरी तत्त्वज्ञाच्या खाली असे. तिथं 'तत्त्वज्ञ' गाळू नका.